खेळणाऱ्या मुलांना खरं बोलायला जागा ठेवा : बडोद्यातल्या शाळांना खुलं पत्र

बडोद्यातल्या शाळांचे मुख्याध्यापक, वर्गशिक्षक आणि क्रीडाशिक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

स्पर्धांचा हंगाम सुरू झाला की खेळणाऱ्या मुलांच्या दप्तरात एक कागद हमखास सापडतो. त्यावर डॉक्टरांची सही असते आणि मुलाला तीन दिवस ताप होता असं लिहिलेलं असतं. मूल ते तीन दिवस आणंदला किंवा गोध्र्याला जिल्ह्याच्या संघातून खेळत होतं. हे वर्गशिक्षकांना ठाऊक असतं, आईवडिलांना ठाऊक असतं आणि त्या मुलाला तर असतंच. कागद फाइलला लागतो, हजेरीचा प्रश्न मिटतो. शाळा सोडताना त्याच मुलाला आपण वर्तणूक चांगली असल्याचा दाखला देतो.

मी बरीच वर्षं याच शहरात व्यायामशिक्षिका होते. आता निवृत्त आहे, संध्याकाळी मुलींना खो-खो शिकवते. तुमच्यापैकी काही जण माझे सहकारी होते, काही जणी माझ्याकडे खेळून मोठ्या झाल्या आहेत. त्या हक्काने लिहिते. माझं म्हणणं एवढंच आहे की आठवी ते बारावीच्या खेळाडू मुलांकडून आपण चांगल्या चारित्र्याची अपेक्षा धरतो, आणि खरं बोलण्याची वाट मात्र आपणच त्यांना सगळ्यात अवघड करून ठेवतो. ती सोपी करणं तुमच्या हातात आहे. त्याला पैसा लागत नाही, जागा लागत नाही, वरून परवानगीही लागत नाही.

आधी या मुलांचा दिवस बघा. दुपारच्या शाळेतली दहावीची एखादी मुलगी घ्या. पहाटे साडेपाचला उठायचं, सहा ते आठ मैदान, नऊ ते अकरा ट्यूशन, बारा ते साडेपाच शाळा, मग पुन्हा सहा ते आठ मैदान. जेवून वही उघडेपर्यंत नऊ वाजून जातात. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप हवी, असं अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली सांगितलं. या मुलीला सहा तास मिळाले तरी पुष्कळ. त्यात नवरात्र आलं की रात्री बारापर्यंत गरबा. मैत्रिणी जातात तशी तीही जाते, आणि जावंच तिने. बडोद्यात राहून नऊ रात्री मुलीला घरात बसवणं मला तरी पटत नाही.

अशा मुलीने पाचव्या तासाला बाकावर डोकं टेकलं तर तो उर्मटपणा समजू नका. थकव्याला आपण फार लवकर स्वभाव ठरवतो, आणि एकदा ‘खेळाडू म्हणजे बेफिकीर’ अशी नोंद मनात झाली की वर्षभर तीच चालते. मात्र दुसरी बाजूही मी तितक्याच ठामपणे मांडते. थकलेली असताना तिने बेनना, म्हणजे आपल्या बाईंना, उलट उत्तर दिलं, तर तिने माफी मागितलीच पाहिजे, त्याच दिवशी, आणि ज्या वर्गासमोर बोलली त्याच वर्गासमोर. थकवा समजून घ्यावा, पण त्याची सूट देऊ नये. खेळाडूचा खरा स्वभाव मला कधीच सामन्यात कळला नाही. सामन्यात सगळेच जोर लावतात, तिथे टाळ्या असतात. सराव संपल्यावर पाय ओढत चाललेली मुलगी चुन्याची बादली जागेवर ठेवायला थांबते का, पाण्याच्या नळाशी धाकट्या मुलींना आधी पिऊ देते का, मैदान झाडणाऱ्या काकांना ‘काका’ म्हणून हाक मारते की ‘ए’ म्हणून, हे मी बघत आले. जी थांबायची, ती पुढे वर्गातही बहुतेक वेळा सरळच वागायची. तिची वही अपुरी असली तर ती अपुरी आहे असं स्वतःहून सांगायची.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं तो प्रसंग सांगते. मुलगी अकरावी सायन्सची. जिल्ह्याच्या संघात निवड झाल्यावर स्पर्धेच्या आधीच ती आपल्या वर्गशिक्षकांकडे गेली. सोबत एक कागद होता. कोणते तास बुडणार, कुठल्या मैत्रिणीकडून कोणत्या विषयाच्या नोट्स उतरवणार, प्रयोगवही कुठल्या तारखेला पुरी करून देणार, सगळं तिने स्वतः लिहिलं होतं. तिला कोणी सांगितलं नव्हतं तसं करायला. सोळा वर्षांच्या मुलीकडून आणखी काय हवं? तिला भर वर्गात उत्तर मिळालं, ‘खेळायचंच असेल तर शाळेत नाव कशाला घातलंस?’ त्याच आठवड्यात तिच्याच वर्गातला एक पोहणारा मुलगा तापाचा दाखला देऊन स्पर्धेला जाऊन आला. त्याला कोणी काही विचारलं नाही. संध्याकाळी मैदानावर बुटाच्या नाड्या बांधता बांधता ती मला म्हणाली, ‘बेन, पुढच्या वेळी मीपण मेडिकलच आणीन.’ रागाने म्हणाली असती तर मी समजूत घातली असती. ती शांतपणे, हिशेब करून म्हणाली, आणि तिचा हिशेब चुकीचा आहे असं मला म्हणता येईना.

खरं सांगणाऱ्या मुलीला टोमणा आणि खोटा कागद आणणाऱ्या मुलाला हजेरी, हे दोन्ही एकाच वर्गाने एकाच आठवड्यात पाहिलं. त्या वर्गातल्या सगळ्या मुलांनी त्यातून धडा घेतला असणार. सोमवारच्या प्रार्थनेनंतर चारित्र्यावर दिलेलं कुठलंही भाषण तो धडा पुसू शकत नाही.

नियम आड येतात असं तुम्ही म्हणाल. ते पूर्ण खरं नाही. सीबीएसईच्या शाळांत दहावी-बारावीच्या परीक्षेला बसायला ७५ टक्के हजेरी लागते, पण राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत खेळण्यासाठी, कागदपत्रं दिली तर, २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद त्याच नियमांत आहे, आजारपणाच्या शेजारीच. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर उपक्रम यांच्यातली भिंत काढून टाका असं म्हटलं आहे. म्हणजे वरच्या पातळीवर खेळ हे गैरहजेरीचं खरं आणि मान्य कारण आहे. अडचण येते ती खाली. तालुका, जिल्हा, राज्य, गुजरात सरकारचा खेल महाकुंभ, निवड चाचण्या, जिथे आपली बहुतेक मुलं खेळतात, तिथे कागदावरचा नियम अपुरा पडतो आणि मुख्याध्यापकांनी विवेकाने निर्णय घ्यावा लागतो. तिथेच आपण हात झटकतो आणि मूल डॉक्टरांकडे जातं.

या शहराला तर नियम लिहून काढायची जुनी सवय आहे. हुतुतू गावोगाव वेगवेगळ्या रीतीने खेळला जात होता, तेव्हा १९२३ मध्ये आपल्या हिंदविजय जिमखान्याने नियम बसवून अखिल भारतीय सामने भरवले. त्या खेळाला पुढे कबड्डी म्हणून सारं जग ओळखू लागलं, त्या वाटेवरचं एक मोठं पाऊल बडोद्यात पडलं. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं आणि त्याच काळात इथल्या आखाड्यांनाही आश्रय दिला. शाळा आणि तालीम ही दोन घरं इथे कधी एकमेकांची वैरी नव्हती. अशा गावात खेळाडूच्या रजेचा एक पानी नियम प्रत्येक शाळेने का लिहू नये?

आता क्रीडाशिक्षकांशी थोडं बोलते, कारण माझी सगळी उमेद तुमच्यावर आहे.

खो-खोमध्ये बचाव करणारी मुलगी वळताना पाठीवर निसटता हात लागतो. पंच पलीकडच्या बाजूला असतात, त्यांना दिसत नाही. हात लावणारीला कळलेलं असतं, आणि जिला लागला तिला तर कळलेलंच असतं. काही मुली अशा वेळी स्वतःच हात वर करून बाहेर येतात. टेबल टेनिसमध्ये चेंडू टेबलाच्या काठाला चाटून गेला की नाही, बॅडमिंटनच्या पहिल्या फेऱ्यांत रेषेवर कोणी पंच नसताना फूल आत पडलं की बाहेर, हेसुद्धा अनेकदा खेळणाऱ्यालाच नीट दिसतं. अशा क्षणी मूल काय करतं ते त्याने आधी ठरवलेलं नसतं, सवयीने होऊन जातं. आणि ती सवय लागायची की मोडायची, हे मुलगी हात वर करून बाकाकडे परत येते तेव्हा तुमचा चेहरा कसा असतो त्यावर ठरतं. मी प्रेक्षकांतून बापाला ओरडताना ऐकलं आहे, ‘पंचाने दिलं होतं का? मग तू का आलीस बाहेर?’ अशा वेळी शिक्षकाने उठून त्या मुलीच्या खांद्यावर हात ठेवला पाहिजे, बापाच्या देखत. त्या सामन्यात हरलो तरी.

तुमची अडचण मला कळते. तुमच्यापैकी कित्येक जण करारावर नेमलेले खेल सहायक आहेत, पदकं आली नाहीत तर पुढच्या वर्षी बोलावणं येईल की नाही याची धास्ती असते. म्हणून मुख्याध्यापकांना सांगते : ज्या शिक्षकाची नोकरी केवळ पदकांवर टांगलेली आहे त्याच्याकडून मुलांना सरळपणा शिकवण्याची अपेक्षा धरू नका. त्याच्या कामाचा हिशेब मागताना किती मुलं मैदानावर टिकली, किती जणांनी खेळत खेळत दहावी नीट पार केली, किती जण दुखापतीतून धीराने परत आले, हेही विचारा.

आणि वयाची चोरी. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण याने मी मुलं आतून मोडलेली पाहिली आहेत.

चौदा वर्षांखालच्या गटात सोळा वर्षांचा मुलगा उतरवला जातो. जन्मतारीख मुलाने बदललेली नसते, ती कोणा मोठ्या माणसाने बदललेली असते, शाळा बदलताना किंवा अर्ज भरताना. पण खोटं सांभाळायचं काम मुलाच्या गळ्यात पडतं. प्रत्येक अर्जावर तीच तारीख, मित्रांना सांगताना तीच तारीख. वाढदिवस खऱ्या दिवशी साजरा करायचा तर फोटो कोणी कुठे टाकू नये म्हणून आई सगळ्यांना बजावते. ज्या मुलाला आपलं वयच खरं सांगता येत नाही त्याला आपण मैदानावर प्रामाणिक राहा असं कोणत्या तोंडाने सांगायचं? शिवाय खेळाचंही नुकसानच. तो ताकदीवर जिंकत राहतो, पायांची हालचाल आणि डोकं वापरायला शिकत नाही, आणि वरच्या गटात बरोबरीची मुलं समोर आली की त्याचं सगळं उघडं पडतं. त्याच्यामुळे संघाबाहेर राहिलेला खऱ्या वयाचा मुलगा तोवर खेळ सोडून गेलेला असतो.

यावर देशात काही कामही झालं आहे. क्रीडा मंत्रालयाची वयचोरीविरुद्धची राष्ट्रीय संहिता २०१० पासून आहे. क्रिकेट मंडळ सोळा वर्षांखालच्या मुलांच्या डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतं. त्याच मंडळाने २०२० मध्ये एक गोष्ट केली ती मला फार शहाणपणाची वाटली. ज्यांनी खोटी तारीख दिली आहे त्यांनी स्वतःहून कबूल करून खरी दिली तर बंदी नाही, खऱ्या वयाच्या गटात खेळा, आणि लपवून पकडले गेलात तर दोन वर्षं बाहेर. खरं सांगणाऱ्याला परत यायला दार उघडं ठेवलं. जन्मनोंदणीचा सुधारित कायदा १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाला, त्या दिवसापासून पुढे जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून सगळीकडे जन्मदाखलाच चालणार आहे, त्यामुळे पुढच्या पिढीत ही चोरी अवघड होईल. पण आज तुमच्या आठवीत, नववीत बसलेल्या मुलांचं काय? त्यांच्यासाठी प्रत्येक शाळेने असंच दार उघडावं. पालकांना बोलवा, आणि खरी तारीख सांगितल्याबद्दल मुलाला संघातून काढणार नाही, योग्य गटात खेळवू, असं लेखी द्या. निदान एक मूल तरी मोकळं होईल.

दुसऱ्या टोकालाही आपण चुकतो. राज्यपातळीवर खेळलेला मुलगा शिपाईकाकांवर ओरडला, परीक्षेत चिठ्ठीसकट सापडला, धाकट्या खेळाडूला किट उचलायला लावलं, की ‘जाऊ द्या, आपला खेळाडू आहे’ म्हणून प्रकरण मिटवलं जातं. कृपा करून मिटवू नका. त्याला एक सामना बाहेर बसवा, मग तो अंतिम सामना असला तरी चालेल. शाळेने एकदा असं केलं की पुढची कित्येक वर्षं सांगावं लागत नाही. शिक्षा करताना फक्त त्याचा खेळ आणि त्याचे गुण यांची गल्लत करू नका. गृहपाठ राहिला म्हणून सराव बंद करणं ही मला चुकीची शिक्षा वाटते, कारण त्यातून मूल एवढंच शिकतं की अभ्यास हा मैदानाचा शत्रू आहे.

आणि कौतुक कोणाचं करता तेही पाहा. आपल्या बडोद्याचे विजय हजारे १९४३ च्या पंचरंगी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात रेस्ट, म्हणजे इतर धर्मीयांच्या, संघाकडून ३०९ धावा करून गेले. संघाच्या एकूण धावा ३८७. हे बऱ्याच जणांना माहीत असतं. त्या डावात त्यांचा भाऊ विवेक त्यांच्याबरोबर ३०० धावांच्या भागीदारीत उभा होता, आणि त्या तीनशेतल्या विवेकच्या धावा होत्या २१. तो दुसऱ्या टोकाला टिकला नसता तर ३०९ झाल्याच नसत्या. तुमच्या शाळेत असा एक विवेक हमखास असतो. राखीव म्हणून बाकावर बसतो, पाणी नेतो, हरल्यावर रडणाऱ्याला बाजूला घेऊन बसतो, दुसऱ्या दिवशी वर्गात स्वतःची वही स्पर्धेला गेलेल्या मित्राला देतो. बक्षीस समारंभात त्याचं नाव एकदाही पुकारलं जात नाही. नव्या शिक्षण धोरणातल्या समग्र प्रगतिपत्रकात मुलाने स्वतःचं आणि सोबत्यांनी एकमेकांचं मूल्यमापन करायचं आहे. ते रकाने ‘छान’, ‘उत्तम’ असं भरून संपवू नका. संघातल्या मुलांना विचारा, दमलेला असताना तुझ्याशी नीट कोण वागलं? उत्तरं वाचून तुम्हाला कर्णधार निवडायला वेगळाच माणूस सापडेल. जुम्मादादांनी १८८० मध्ये सुरू केलेला आपला आखाडा त्या मुसलमान उस्तादाने माणिकरावांच्या हाती दिला, तो शिष्याची पारख करूनच. धर्म, घराणं यातलं काही आड आलं नाही. माणिकरावांनी तो कुठल्या कुठे नेला ते जुम्मादादा व्यायाम मंदिराच्या रूपाने आपल्या डोळ्यांपुढे आहे.

मला तुमच्याकडून नेमकं काय हवं तेही लिहिते. खेळाडूने स्पर्धेच्या आधी भरून द्यायचा एक साधा अर्ज ठेवा. त्यात स्पर्धेचं नाव, तारखा, बुडणारे तास, आणि राहिलेलं काम कधी पुरं करणार हे मुलाने स्वतःच्या अक्षरात लिहावं. त्याखाली पालक, प्रशिक्षक आणि वर्गशिक्षक अशा तिघांच्या सह्या. तो अर्ज आला की ते दिवस खेळाची रजा म्हणून हजेरीपत्रकात लागावेत. परत आल्यावर चाचणी द्यायला एक ठरलेला दिवस असावा, म्हणजे मुलाला प्रत्येक विषयाच्या दाराशी विनवण्या करत उभं राहावं लागणार नाही. ठरलेल्या तारखेला काम आलं नाही तर पुढची रजा मिळू नये, ही जबाबदारी मुलाचीच. आणि अर्ज असताना कोणी खोटं मेडिकल आणलं तर ते स्वीकारू नका, पालकांना बोलावून परत करा.

असा अर्ज मी गुजराती, मराठी आणि इंग्रजीत तयार करून ठेवला आहे. ज्या शाळेला हवा असेल तिथे मी स्वतः घेऊन येईन आणि शिक्षकांच्या बैठकीत अर्धा तास बोलेन. सायंकाळी सहा ते आठ सोडून कधीही बोलवा, त्या वेळी मुली मैदानावर वाट बघत असतात. जिल्ह्याच्या पुढच्या निवड चाचण्यांआधी निदान काही शाळांनी हे सुरू करावं अशी विनंती आहे. आणि अकरावी सायन्सच्या त्या मुलीचे वर्गशिक्षक हे वाचत असतील तर त्यांना वेगळी विनंती : तिला एकदा बोलावून घ्या आणि तो कागद तिच्याकडून पुन्हा मागून घ्या. तिने तो अजून टाकलेला नाही.

आपली नम्र,
दांडिया बाजारातली एक निवृत्त व्यायामशिक्षिका
बडोदे